‘सामाजिक समावेशन’ला दुसरा शब्द?

अनुवादिका : विकसनशील देशांतल्या चक्राकार अर्थव्यवस्थेवरचा अहवाल मराठीत करते आहे. ‘सोशल इन्क्लूजन’ला ‘सामाजिक समावेशन’ लिहिलं आणि तिथेच अडले. टाकलेली बाटली पुन्हा कारखान्यात पोचते ती कचरावेचकांच्या हातून. चक्र तेच फिरवतात. मग कुणी कुणाला सामावून घ्यायचं?

शब्दार्थी : ‘सहभाग’?

अनुवादिका : सहभाग आहेच की. ठेका देताना, दर ठरवताना त्यांना विचारत नाहीत, दुखणं ते आहे.

मुद्रितशोधक : आधी ‘कचरावेचक’ बदला. त्यांच्या लेखी तो कचरा नाही, माल आहे. पुण्यात १९९३ साली संघटना झाली तिचं नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. कचरा शब्द नावातही नाही.

परभाषी : ब्राझीलमध्येही तसंच. ‘कातादोर’ म्हणजे वेचणारा. सरकारी व्यवसायसूचीत २००२ साली हा शब्द आला तो ‘पुनर्चक्रणयोग्य मालाचा वेचणारा’ असा. वेचणं ठेवलं, कचरा काढला.

शेडवाली : मला ‘वेचणं’सुद्धा अपुरं वाटतं. वर्गीकरणाच्या शेडमध्ये एका बाईंनी पिशवी माझ्या कानाजवळ चुरगळली. कडकडली ती एका ढिगात, मऊ राहिली ती दुसऱ्या. बाटलीचं बूच वेगळं, अंग वेगळं. हात थांबत नव्हता. हे निवडणं झालं, धान्य निवडतो तसं. खरं कसब तिथे आहे आणि भावही त्यावरच मिळतो.

मुद्रितशोधक : पण ‘निवडक’ म्हणजे निवडलेलं. माणसाला कसं लावणार?

शेडवाली : ‘वेचक’चाही तोच अर्थ होता ना? ‘वेचक कविता’ म्हणतोच आपण. रुळला तो शब्द. हाही रुळेल.

शब्दार्थी : जुन्या मराठीत ‘वेच’ म्हणजे खर्च. ‘आयुष्य वेचलं’ त्यातलंच. म्हणजे वेचक तो, जो स्वतःला खर्चतो.

मुद्रितशोधक : नाही हो. तो ‘वेच’ व्ययातून आला, हा ‘वेचणे’ वि + चि मधून. दोन धातू एकत्र करू नका.

शब्दार्थी : धातू दोन असोत, ऐकणाऱ्याच्या कानात एकच वाजतो. बरं, ‘भंगार’ घ्या. कोकणीत ‘भांगर’ म्हणजे सोनं, कानडीत ‘बंगार’.

मुद्रितशोधक : नाद सारखा म्हणून नातं लागत नाही. भंगारात मला तरी ‘भंग’च दिसतो.

परभाषी : मग शेवटचा ‘आर’ कुठून आला, ते सांगा.

अनुवादिका : तूर्त ‘हक्काचं स्थान’ लिहिते आहे. ‘समावेशक धोरण’ला काय करू?

शब्दार्थी : थांबा, आधी ‘आर’ प्रत्ययाचं बघू. लोहार, सोनार, कुंभार…

मुद्रितशोधक : तो ‘कार’चा आर! इथे कसा चालेल?