फर्ग्युसनच्या जुन्या रिंगा भंगारात टाकू नका

दादा, तुमच्या जुन्या फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टरच्या मागच्या रिंगा (टायर बसतो ती चाकाची लोखंडी कड) हवा भरायच्या व्हॉल्व्हपाशी सडल्यात आणि वरच्या एका उत्तरात कुणीतरी 'नव्या ट्रॅक्टरच्या रिंगा बसवून मोकळे व्हा' असं सुचवलंय. कृपा करून तसं करू नका. या ट्रॅक्टरची मागची रिंग मधल्या डिस्कपासून वेगळी असते, रिंगेच्या आतल्या बाजूच्या कानांना, म्हणजे पुढे आलेल्या लोखंडी तुकड्यांना, बोल्टनं जोडलेली. रिंग आणि डिस्क उलटसुलट फिरवून दोन चाकांतलं अंतर ४८ पासून ७६ इंचांपर्यंत, चार-चार इंचांनी बदलता येतं. रिंग बदलून कान गेले की ही सोयही गेली.

टायरचं माप पुढे ४-१९, मागे १०-२८ (आधी टायरची रुंदी, मग रिंगेचा व्यास, इंचांत). मागे आजचा ११.२-२८ टायर चालतो. २८ इंच मोजायचे ते टायरची कड बसते तिथे, रिंगेच्या बाहेरच्या ओठावर नाही. मी पहिल्यांदा ओठावर टेप लावली आणि भलतीच रिंग घेऊन आलो होतो.

टायरात पाणी भरून वर्षानुवर्षं चालवलेली रिंग व्हॉल्व्हच्या भोवतीच गंजते, बाकी पत्रा बहुधा ठणठणीत असतो. आम्ही दुसऱ्या सडक्या रिंगेतून त्याच वळणाचा वीतभर तुकडा कापून जोडला. आधी समोरासमोर वेल्डिंगचे छोटे टाके मारले, चाक फिरवून डगमग पाहिली आणि मगच पूर्ण वेल्डिंग केलं. आतली शिवण घासून गुळगुळीत करा, नाहीतर ट्यूब कापते. कान शाबूत असतील तर चांगल्या २८ च्या रिंगेवरही ते चढवता येतात.

आधी आतला गंज तारेच्या ब्रशनं काढा आणि कानांचे फोटो टाका.