युइंगना नारळ द्यायचा की नाही?

रेस्टनकर | २५ जानेवारी २०२३

काल जॉर्जटाऊन, म्हणजे आमच्या वॉशिंग्टनमधल्या कॉलेजची बास्केटबॉल टीम, जिंकली. डीपॉलला ८१-७६ नं हरवलं. बिग ईस्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे ती ज्या कॉलेजांच्या लीगमध्ये खेळते तिथे, ओळीनं २९ सामने हरल्यानंतरचा हा पहिला विजय, त्यामुळे सकाळपासून आमच्या इथल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळी सुरू आहे. मी मात्र दिवाळीत नाही. माझ्या मते कोच पॅट्रिक युइंगना मागच्या वर्षीच निरोप द्यायला हवा होता, आणि कालच्या विजयानं त्यात काडीचा फरक पडत नाही.

ज्यांना यातलं फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी: युइंग म्हणजे जॉर्जटाऊनचा देव. १९८१ ते ८५ ही चार वर्षं खेळला, त्यातल्या तीन वर्षी टीम राष्ट्रीय फायनलला आणि १९८४ ला विजेती. पुढे एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, न्यूयॉर्क निक्सचा सेंटर, त्याचा ३३ नंबर त्यांच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन स्टेडियमच्या छताला टांगलेला. निवृत्तीनंतर एनबीएत सुमारे पंधरा वर्षं सहायक कोच, पण मुख्य कोच कुठेच नाही. २०१७ ला कॉलेजनं त्यांना थेट मुख्य कोच केलं.

आता दर वर्षाचा हिशेब बघा, आधी विजय, मग हार. १५-१५, १९-१४, १५-१७, १३-१३. मग मागच्या वर्षी ६-२५, आणि कॉन्फरन्समध्ये १९ पैकी १९ हार. शून्य! त्यावर कॉलेजनं काय केलं? आमचा कोचवर विश्वास आहे असं निवेदन काढलं.

डिसेंबरात मुलाला घेऊन सामना बघायला गेलो होतो. एनबीएचं अवाढव्य स्टेडियम, आमच्या रांगेत आम्ही दोघंच. पोरगं नऊ वर्षांचं. ते खेळाडूंकडे बघतच नव्हतं, बेंचसमोर हाताची घडी घालून उभ्या सात फुटी माणसाकडे बघत होतं. "बाबा, हे का नाही खेळत?" मी म्हटलं, अरे तेच तर दुखणं आहे.


जुना हॉया | २५ जानेवारी २०२३

रेस्टनकर, तुम्ही कधीपासून बघताय? मी ८३ साली एमएस करायला आलो. बास्केटबॉल म्हणजे काय ते आम्हाला या माणसानं आणि त्याच्या तेव्हाच्या कोचनी, जॉन थॉम्पसन मास्तरांनी शिकवलं. खांद्यावर पांढरा टॉवेल टाकून उभे असायचे मास्तर. वसतिगृहाच्या खोलीत एकच टीव्ही आणि आम्ही अकरा जण. ८५ च्या फायनलला व्हिलानोव्हाकडून ६६-६४ हरलो तेव्हा मी परीक्षेत नापास झाल्यासारखा झोपलो होतो.

भावना बाजूला ठेवतो, नाहीतर म्हणाल म्हातारा हळवा झाला. मुद्दा असा की खेळच बदललाय. २०२१ च्या एप्रिलात नियम आला की खेळाडूला एकदा कॉलेज बदलता येईल आणि एक वर्ष बाकावर बसावं लागणार नाही. जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली. या दोन गोष्टींनी जुन्या पद्धतीच्या कोचांची दाणादाण उडवली. कोच आपला, पण पोरं दर उन्हाळ्यात नवी. संघ बांधायचा कसा?

आणि विसरू नका, मार्च २०२१ ला याच माणसानं आठव्या मानांकनावरून बिग ईस्ट स्पर्धा जिंकून दिली. फायनलला क्रायटनला ७३-४८. मास्तरांचं निधन होऊन सात महिने झाले नव्हते तेव्हा. त्याच स्पर्धेत गार्डनचे सुरक्षावाले युइंगना ठिकठिकाणी अडवून पास मागत होते, आणि हे वैतागून म्हणाले की ही तर माझीच बिल्डिंग आहे असं मला वाटत होतं. मी टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या.


थर्ड अंपायर | २५ जानेवारी २०२३

काका, टाळ्या मीही वाजवल्या. पण त्या चार दिवसांच्या पुण्याईवर किती वर्षं काढायची? त्यानंतर एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, पहिल्याच फेरीत कोलोरॅडोनं ९६-७३ धुतलं.

आणि पोर्टलचं, म्हणजे कॉलेज बदलण्याच्या मुभेचं, कारण अर्धंच खरं आहे. जेम्स अकिन्जो, बिग ईस्टचा सर्वोत्तम नवोदित, तो डिसेंबर २०१९ लाच सोडून गेला. मॅक मॅक्लंग २०२० ला. दोघंही नियम बदलण्याआधीच. घर गळत होतं, पाऊस नंतर आला.


सदाशिव पेठ सेंटर | २६ जानेवारी २०२३

पुण्यातून लिहितोय, एके काळी डेक्कनला खेळायचो, आता गुडघे गेले. यूट्यूबवर यांचे सामने बघतो. एक गोष्ट सतत दिसते. समोरचा संघ स्क्रीन लावतो, म्हणजे त्यांचा एक खेळाडू वाट अडवून उभा राहतो, आपला गार्ड त्यात अडकतो, सेंटर बास्केटखाली मागे सरकतो, मदतीला कोपऱ्यातला धावतो, आणि तो सोडून आलेला शूटर निवांत थ्री, म्हणजे लांबून तीन गुणांचा बास्केट, मारतो. एकदा झालं तर पोराची चूक. सहा वेळा झालं की टाइमआउट घेऊन तो डाव बदलायचा असतो, आणि ते काम खेळाडूचं नाही. जगातल्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक बेंचवर बसलाय आणि टीमला बचाव येत नाही, हे बघवत नाही.

आपल्याकडे याचं उदाहरण घरातलंच आहे. सचिन. कॅप्टन म्हणून २५ कसोटी, जिंकल्या ४. म्हणून सचिन लहान झाला का? नाही. पण कॅप्टन्सी काढून दुसऱ्याला द्यावी लागलीच ना.


जुना हॉया | २६ जानेवारी २०२३

सचिनचं काढलंत म्हणून चंद्रकांत पंडितांचं काढतो. मुंबईला २०१५-१६ ची रणजी जिंकून दिली. पुढच्या वर्षी फायनलला गुजरातकडून हरले आणि मुंबईनं त्यांना नारळ दिला. पंडित गेले विदर्भात आणि विदर्भानं ओळीनं दोनदा रणजी उचलली. मग मध्य प्रदेश, तिथेही गेल्या जूनमध्ये चषक, समोर फायनलला कोण? मुंबई! घाईनं काढलं की असं नाक कापून घ्यावं लागतं.

ड्यूक कॉलेजचे कोच शशेव्हस्की यांचं तर सगळ्यांना पाठ आहे. दुसऱ्या वर्षी १०-१७, तिसऱ्या वर्षी ११-१७, शेवटच्या सामन्यात व्हर्जिनियानं १०९-६६ असं तुडवलं. देणगीदार म्हणत होते हाकला. कॉलेजचे क्रीडाप्रमुख टॉम बटर्स ऐकले नाहीत, उलट करार वाढवून दिला. पुढे पाच राष्ट्रीय विजेतेपदं.


रेस्टनकर | २६ जानेवारी २०२३

काका, तुमची दोन्ही उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. पंडितांना काढलं तेव्हा ते फायनलला पोचत होते. ० आणि १९ वर नव्हते. शशेव्हस्कींचं तिसरं वर्ष होतं, युइंगचं सहावं चाललंय. रोप लावून तीन वर्षं थांबणं वेगळं आणि वाळलेल्या खोडाला सहाव्या वर्षी पाणी घालणं वेगळं.

आणि सगळ्यात बोचरी गोष्ट सांगू? मास्तरांचा मुलगा, जॉन थॉम्पसन तिसरा. त्यानं कोच असताना २००७ ला टीम फायनल फोरला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारात, नेली होती. त्याला २०१७ ला १४-१८ वर काढलं. म्हणजे खुद्द मास्तरांच्या मुलाला १४ विजयांवर घरी पाठवायचं आणि युइंगला ६ विजयांवर अभय! हा न्याय कुठला? माझा राग युइंगवर नाहीच. तो मनापासून राबतोय. राग त्या लोकांवर आहे जे त्याच्या पुतळ्याआड लपलेत. त्याला काढायचं धाडस नाही, म्हणून त्याला दर बुधवारी-शनिवारी वीस हजार खुर्च्यांच्या रिकाम्या हॉलमध्ये हरायला उभं करतात. याला निष्ठा म्हणायचं?


शेंगदाणे | २७ जानेवारी २०२३

पैशाचं कोणीच बोलत नाही. कोचला मुदतीआधी काढलं की उरलेल्या कराराचे पैसे मोजावे लागतात. इंडियाना विद्यापीठानं २०२१ ला आर्ची मिलरना काढलं तेव्हा एक कोटी डॉलरच्या वर द्यावे लागले, ते देणगीदारांनी भरले. जॉर्जटाऊन खाजगी संस्था, करार गुलदस्त्यात. फुकटात "हाकला" म्हणणं सोपं आहे.

बाकी २९ हरले तरी ग्रुपवर एवढी चर्चा होते म्हणजे टीम जिवंत आहे म्हणायची.


थर्ड अंपायर | २७ जानेवारी २०२३

जिवंत आहे, आयसीयूत.


रेस्टनकर | १० मार्च २०२३

धागा वर काढतोय. परवा बिग ईस्ट स्पर्धेत व्हिलानोव्हाकडून ८०-४८. काल युइंगना काढलं. सीझन ७-२५, सहा वर्षांचा हिशेब ७५-१०९. हरले कुठे, तर गार्डनमध्ये, स्वतःच्या जर्सीखाली.

वाटलं होतं बरं वाटेल. नाही वाटलं.


जुना हॉया | १० मार्च २०२३

आज वाद घालायचा नाहीये. एवढंच म्हणतो की मागच्या वर्षी काढलं असतं तर हे एक वर्ष तरी वाचलं असतं त्याचं. हो, लिहिलं मी. स्क्रीनशॉट काढा हवा तर.

मॅक्लंगनं गेल्या महिन्यात एनबीएची डंक स्पर्धा जिंकली ते बघितलंत का? आपल्याकडून गेलेलं पोर.


जुना हॉया | १४ मार्च २०२४

आता मी वर काढतो. युइंगच्या जागी एड कूली आले. प्रॉव्हिडन्स कॉलेजची टीम घडवणारा नावाजलेला, अनुभवी कोच, गाजावाजा करून आणला. पहिला सीझन ९-२३. कॉन्फरन्समध्ये २-१८. युइंगचं शेवटचं वर्ष किती होतं? २-१८. आणि कूलींनी जिंकलेले दोन्ही सामने डीपॉलविरुद्ध, जे स्वतः वीसच्या वीस हरले! डीपॉलनं जानेवारीत, भर सीझनमध्ये कोच बदलला होता. काय उजेड पडला? आणि काल आपला सीझन संपला तो कोणाकडून हरून, तर प्रॉव्हिडन्सकडून. म्हणजे कूली ज्यांना सोडून आले त्यांनीच.

रेस्टनकर, बोला आता.


रेस्टनकर | १४ मार्च २०२४

बोलतो की. मागच्याला काढणं बरोबर होतं का आणि पुढचा लगेच जिंकला का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. छप्पर उशिरा काढलं तर खालच्या भिंतीही ओल्या होतात. कूलींना जे मिळालं ते सहा वर्षांत सडलेलं होतं. त्यांना मी तीन वर्षं देईन.


सदाशिव पेठ सेंटर | १५ मार्च २०२४

तीन वर्षं? युइंगना चौथ्या वर्षापर्यंत कॉन्फरन्सचा चषक मिळाला होता. मग त्यांना किती द्यायला हवी होती? मला खरंच कळत नाही. आणि रेस्टनकर, मी तुमच्याच बाजूचा आहे.

बचाव मात्र अजून तसाच आहे. स्क्रीन, मदत, कोपऱ्यातला मोकळा. कोच बदलला, भोक तेच.


थर्ड अंपायर | १५ मार्च २०२४

काका आणि रेस्टनकर, तुम्ही दोघं एकाच गावात राहता ना? पुढच्या सीझनला एकत्र जाऊन बसा आणि तिथे भांडा. रांग तशीही रिकामी असते.


रेस्टनकर | १५ मार्च २०२४

काका, तयार असाल तर तीन तिकिटं काढतो. मुलाला विचारलं, येणार का. आता दहाचा झालाय, हिशेब कळतो त्याला. म्हणाला, डीपॉलची मॅच असेल तर येतो.