वारुळावरची अळंबी शेडमध्ये का होत नाही
बटण मश्रूमसारखी वारुळावरची अळंबीही शेडमध्ये लावली तर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बायकांना बारमाही धंदा होईल, असं कुणी कुणी म्हणतं. धंद्याचं पटतं, पण या अळंबीची बाजारापुरती शेती माणसाला अजून जमलेली नाही. ती वाळवीनं लावलेली असते. वाळवी वाळका पाला-लाकूड खाते आणि विष्ठेतून वारुळात स्पंजासारखे पोळे रचते. त्यावर ही बुरशी वाढते, लाकडातलं कठीण लिग्निन फोडते आणि मग वाळवी तेच खाते. सुमारे 3 कोटी वर्षांपासूनची ही जोडी आहे! निवडताना देठ नीट बघा: वर बोटभर, खाली मुळासारखा निमुळता होत पार पोळ्यापर्यंत गेलेला.

म्हणून खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडं पावसात अळंबी काढायला जाल तर कुदळ नेऊ नका. हातानं हळू उपटायची, मातीतलं शेपूट राहिलं तर राहू दे. पोळं फुटलं की बुरशीची बागच मोडते; वारूळ शाबूत असलं तर बहुतेक त्याच जागी पुढच्या पावसाळ्यात परत उगवते.