शहरातला मुक्काम: लॉज, धर्मशाळा, सिटी बस (अनुभव धागा)

घाटंजीकरीण
शेजारच्या काकू आज विचारत होत्या, "नागपूरले मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात दाखवाचं हाय, रात्री रायचं कुठं वं?" अन् बाबांना घेऊन गणेशपेठेतल्या लॉजवर काढलेल्या रात्री आठवल्या. जिना एवढा अरुंद की बाबांना धरून आडवं चढावं लागे. कॉमन संडास, पंख्याचा खडखडाट, उशीला तेलाचा वास. पण मॅनेजर पहाटेच दार वाजवायचा, "उठा ताई, चिठ्ठी काढाले लवकर जा, मग रांग वाढते." त्या माणसाचे उपकार मी विसरले नाही.

आपल्याकडचा माणूस शहरात फिरायला कमीच जातो. दवाखाना, कोर्ट, परीक्षा, नाहीतर कागदपत्रं. पैसे मोजके, ओळख कोणाची नाही. म्हणून धागा काढते. कुठे राहिलात, कसे फिरलात, लिहा. काकूंना वाचून दाखवणार आहे.

वणीवाला
खोली पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. नळाले पाणी हाय का, आतून कडी लागते का, एवढं पाहाच. अन् चेकआऊट चोवीस तासाचं की दुपारी बाराचं, हे आधी विचारा. आमाले रात्री अकराले खोली देल्ली अन् दुसऱ्या दिवशी दुपारी दोन दिवसाचे पैसे मांगतले. बायको बिमार, भांडाले ताकत कोणाले?

आर्णीची मास्तरीण
नागपूरला वर्धा रोडनं येणाऱ्यांनो, एसटी खापरीला थांबत असेल तर तिथेच उतरा अन् मेट्रो धरा. थेट सीताबर्डी. तिथे गाडी बदलली की रेल्वे स्टेशन, अन् मेयो दवाखान्यात जायचं असेल तर पुढचं दोसर वैश्य चौक. 2019 मध्ये सुरू झाली तेव्हा खापरी-बर्डी एवढीच होती, डिसेंबर 2022 पासून चारही दिशांना जाते. आईला सरकत्या जिन्याची भीती वाटते, पण लिफ्ट असते, गार्डला विचारायचं.

दारव्हा
ताई, मेट्रोत बायांले हाफ तिकीट हाय का?

आर्णीची मास्तरीण
नाही हो काकू. ती सवलत एसटीची, मार्च 2023 पासूनची. शहरातल्या 'आपली बस'मध्येही ती चालत नाही. पंचाहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट आहे, आधार कार्ड जवळ ठेवा.

अंजनगावकर
आमचा मुक्काम मुंबईचा. भावाला टाटात नेलं होतं, परळला. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. कॅन्सरचे पेशंट अन् त्यांच्यासोबतचे लोक तिथे राहतात, हॉस्पिटलचे कागद दाखवावे लागतात. बाहेर फुटपाथवर चादर टाकून बसलेले लोक पाहिले की कळते ती जागा म्हणजे काय. गाडगेबाबा आमच्याच तालुक्यातले, शेंडगावचे. 1956 साली वलगावजवळ गेले. अन् आमच्या गावचा पेशंट आजही त्यांच्या नावाच्या छताखाली झोपतो. लिहिताना गळा भरून आला, माफ करा.

अजून एक. सकाळच्या गर्दीत पेशंटला लोकलमध्ये चढवू नका. थोडं अंतर असेल तर बेस्टची बस बरी, बसायला जागा मिळते.

घाटंजीकरीण
दादा, भाऊ कसे आहेत आता?

अंजनगावकर
बरा आहे ताई. यंदा शेतात पऱ्हाटीत डवरे धरले त्यानं.

वणीवाला
वा! हे वाचून लय बरं वाटलं भाऊ.

भामरागडची
आमच्याकडे पर्लकोटाला पूर आला की रस्ताच बंद. म्हणून पावसाळ्यात परीक्षा असली की आधीच निघायचं, आलापल्ली, गडचिरोली, मग नागपूर. म्हणजे लॉजचा खर्चही वाढतो. मागच्या खेपेला बर्डीजवळच्या एका लॉजनं "एकट्या मुलीला खोली देत नाही" म्हटलं. आधार होतं, हॉल तिकीट होतं, वय एकवीस. रात्रीचे नऊ वाजले होते. शेवटी गावच्या एका मुलीच्या होस्टेलवर झोपले. अजून राग येतो. आम्ही काय रस्त्यावर बसून अभ्यास करायचा?

आर्णीची मास्तरीण
बेटा, पुढच्या वेळी मला मेसेज कर. माझी बहीण अजनीला राहते, तिथे झोप. परीक्षा कशी गेली?

भामरागडची
पास झाले मॅडम 🙏

दारव्हा
अभिनंदन वं पोरी!!

मूर्तिजापूर रोड
डिसेंबरात अधिवेशन असते तेव्हा नागपुरात खोल्या भेटत नाहीत, भेटल्या तर महाग. धम्मचक्र प्रवर्तन दिनालेही तसंच, पण तेव्हा जेवणाची फिकर नाही, दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर जागोजागी अन्नदान असते. आम्ही चटई घेऊनच जातो.

विषय सोडून लिहितो, आमची शकुंतला रेल्वे चालू असती तर यवतमाळच्या लोकायले मूर्तिजापुरात येऊन मेन लाइनची गाडी धरता आली असती. हळू चालायची, पण गरिबाची होती.

वणीवाला
शकुंतलेचा वेगळा धागा काढ ना बा, मायाजवळ आजोबाच्या लय गोष्टी हायेत.

घाटंजीकरीण
काकूंना वाचून दाखवलं. खापरीचं त्यांना पटलं, पण त्या विचारतात, लॉजवर स्टोव्ह पेटवू देतात का? बाहेरचं तिखट काकांना चालत नाही.

अंजनगावकर
लॉजवर नाही देत. दशम्या अन् जवसाची चटणी बांधून न्या, दोन दिवस टिकते. दूध बाहेर भेटते.

दारव्हा
चटणीत तिखट कमी टाका म्हणा. घाटंजीले पाणी आलं का वं? आमच्याकडं सोयाबीन सुकून राहिलं.