मदत हवी आहे: छोटी इलेक्ट्रिक गाडी चालता चालता बंद पडते, पार्ट गुपचूप बदलला, लेखी काहीच देत नाहीत

नमस्कार मंडळी,

इलेक्ट्रिक गाडी वापरणाऱ्यांची आणि ग्राहक कायद्यातल्या जाणकारांची मदत हवी आहे. कंपनीचं आणि गाडीचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. पाच दरवाजांची छोटी हॅचबॅक आहे, २०२३ मध्ये घेतलेली. बॅटरी आणि मोटरला ८ वर्षांची वॉरंटी आहे, बाकी गाडीला ३ वर्षांची. ही तीन वर्षं आता संपत आली आहेत, म्हणून घाई आहे.

मी साताऱ्याला राहते, नोकरी कराडला. रोजचं जाणं-येणं याच गाडीनं. रात्री घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटला लावायची, सकाळी गाडी तयार. गाडी मला मनापासून आवडते, तेव्हा "इलेक्ट्रिक घेतलीच कशाला" असे प्रतिसाद कृपया देऊ नका. ही गाडी नीट व्हावी आणि मला तिच्यावर पुन्हा भरवसा ठेवता यावा, एवढंच हवं आहे.

झालं असं. हायवेला अतीत सोडल्यावर, काशीळच्या अलीकडे, मी उजव्या लेनमध्ये होते. आधी डॅशबोर्डवर छोट्या, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीचा लाल दिवा लागला. पाठोपाठ कासवाचं चिन्ह, म्हणजे ताकद कमी झाल्याचा इशारा, आला. एसी बंद झाला, स्टिअरिंग जड झालं आणि ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी ओढेना. मोठ्या बॅटरीत तेव्हा ६८ टक्के चार्ज दिसत होता! डावीकडे उसाच्या ट्रॉल्या, मागे कंटेनर. हॅझर्ड लावून कशीबशी गाडी कडेला घेतली. पहिल्या दोन-तीन वेळा ब्रेक नीट लागला, मग पेडल दगडासारखं घट्ट झालं. शेजारी आई बसलेली. थांबल्यावर स्क्रीन काळी पडली आणि पार्किंग लॉक काही केल्या सुटेना. टोइंगवाला हूक लावून ओढायला निघाला होता, त्याला थांबवून फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक, मागवावी लागली.

सर्व्हिस सेंटरचं पहिलं उत्तर होतं, "मॅडम, तुमच्या घरचं अर्थिंग नीट नाही." आमच्या वायरमननं येऊन न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजला, तो दोन व्होल्टच्या आत भरला. तो कागद दाखवल्यावर अर्थिंगचा विषय बंद झाला. मग १२ व्होल्टची बॅटरी बदलली. काही आठवड्यांनी तोच प्रकार पुन्हा, या वेळी सुदैवानं कॉलनीच्या दारातच. त्यानंतर डीसी-डीसी कन्व्हर्टर, म्हणजे मोठ्या बॅटरीवरून छोटी बॅटरी भरणारा भाग, बदलला. ॲडव्हायजर तोंडी म्हणाले, "या बॅचच्या गाड्यांना कंपनीची सर्व्हिस कॅम्पेन आहे, सगळ्यांचाच बदलतोय." मी म्हटलं, मग हे लिहून द्या. तर म्हणे, "तसं लेखी देता येत नाही." जॉब कार्डावर लिहिलंय फक्त "जनरल चेकअप, सॉफ्टवेअर अपडेट". बदललेल्या पार्टचा नंबरसुद्धा नाही. आणि आता तो लाल दिवा पुन्हा क्षणभर लागून जायला लागला आहे.

सर्व्हिस कॅम्पेन म्हणजे जाहीर न करता, सर्व्हिसला आलेल्या गाड्यांत पार्ट बदलून टाकणं. मला खटकतं ते हेच. दोष मान्य करून गाड्या उघडपणे परत बोलावणाऱ्या कंपन्या आपल्याकडेही आहेत. ह्युंदाईनं डिसेंबर २०२० मध्ये भारतातल्या ४५६ कोना इलेक्ट्रिक गाड्या बॅटरीच्या तपासणीसाठी बोलावल्या होत्या. २०२४ मध्ये त्यांच्याच १,७४४ आयोनिक ५ परत बोलावल्या गेल्या, त्या तर चार्जिंग कंट्रोल युनिटमुळे १२ व्होल्टची बॅटरी उतरू शकते म्हणून, म्हणजे जवळजवळ माझ्याच दुखण्यासाठी. हे जाहीर होतं तेव्हा गावोगावच्या मालकांना कळतं की सावध राहायला हवं. माझ्या बॅचची गाडी चालवणाऱ्या कुणाला तरी आज हे माहीतच नाही, आणि तो कदाचित मुलांना घेऊन खंबाटकी चढत असेल. याचा मला खरोखर राग येतो.

तर, जॉब कार्डावर खरं काय ते कसं लिहून घ्यायचं? कन्व्हर्टर ८ वर्षांच्या वॉरंटीत धरतात की ३ वर्षांच्या? ३ वर्षं उलटल्यावर तोच दोष पुन्हा आला तर खर्च कुणाचा? सरकारकडे तक्रार करता येते असं ऐकलंय, ती कुठे आणि तिचा उपयोग काय? आणि याच पट्ट्यात आणखी कुणाला असा अनुभव आला आहे का?

– जाईजुई

बॅटरीवाला_नगर

ताई, आधी एक विचारतो, राग मानू नका. बाहेरून काही बसवलंय का? डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, जास्तीचे लाइट? उभ्या गाडीत तीच बॅटरी खात राहतात. शिवाय १२ व्होल्टची बॅटरी तीन वर्षांत दमणं हा एरवी दोष नाही. प्रत्येक बिघाडाला रिकॉल म्हणत सुटलो तर खरा दोष गर्दीत हरवतो.

पण तुमच्या वर्णनात गाडी चालू असताना बॅटरी उतरली आहे, ते वेगळं. पेट्रोल गाडीत इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर या गाड्यांत नसतो. मोठ्या बॅटरीतला काहीशे व्होल्टचा करंट उतरवून छोटी बॅटरी भरायचं काम डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो. तो थांबला की सगळे कंट्रोलर, स्टिअरिंगची मोटर, ब्रेकला जोर देणारा पंप, सगळं छोट्या बॅटरीवर चालतं आणि ती थोड्याच वेळात बसते. मग मोठ्या बॅटरीचे काँटॅक्टर, म्हणजे तिला गाडीशी जोडणारे स्विच, सुटतात. म्हणून ६८ टक्के चार्ज असूनही गाडी मेली. ब्रेक दोन-तीन वेळा लागला तो साठलेल्या व्हॅक्युमवर.

साधा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर छोट्या बॅटरीच्या टर्मिनलवर १२.५ च्या वर दिसायला हवं. गाडी 'रेडी', म्हणजे चालायला तयार, केली की साधारण १३.५ ते १४.५. 'रेडी' असूनही आकडा १२ च्या घरात जाऊन घसरत असेल तर कन्व्हर्टर भरत नाहीये. आकड्यांचा व्हिडिओ काढा, त्यात स्क्रीनवरचे किलोमीटर आणि तारीख दिसू द्या. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वायरींना मात्र अजिबात हात लावू नका, तुम्हीही नाही आणि गल्लीतल्या मेकॅनिकनंही नाही.

आणि कन्व्हर्टर थंड असताना ठीक आणि तापल्यावर सोडून देणारा असू शकतो. सर्व्हिसवाले सकाळी गार गाडी तपासून "ओके" म्हणतात ते त्यामुळेच. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून लगेच मोजायला लावा.

जाईजुई

धन्यवाद दादा. बाहेरून काहीही बसवलेलं नाही, सीट कव्हरसुद्धा कंपनीचीच. आजच मोजलं. सकाळी 'रेडी'मध्ये १४.१. कराडहून परत आल्यावर एसी आणि हेडलाइट चालू ठेवून बघितलं तर १२.३, आणि बघता बघता १२.१. व्हिडिओ काढला आहे. उद्यापासून ही गाडी हायवेला नेणार नाही, एसटीनं जाईन.

पंचगंगाकाठी

ताई, मी कोल्हापूरचा. बहुतेक आपली गाडी एकच. माझी गाडी कागलजवळ अशीच थांबली होती. माझाही कन्व्हर्टर बदलला, पण माझ्या जॉब कार्डावर कॅम्पेनचा कोड छापून आला आहे, जुन्या आणि नव्या पार्टचे नंबरही आहेत. म्हणजे "लेखी देता येत नाही" ही कंपनीची सक्ती नाही, तुमच्या सेंटरची टाळाटाळ आहे. तुमच्या चासिस नंबरवर कुठली कॅम्पेन बाकी किंवा पूर्ण दिसते, ते त्यांच्या सिस्टिममध्ये दोन मिनिटांत कळतं. स्क्रीनसमोर उभं राहून दाखवायला सांगा. नाहीच ऐकलं तर तेच कंपनीच्या कस्टमर केअरला ई-मेलवर विचारा, फोनवर नको. माझ्या जॉब कार्डाचा फोटो, नंबर झाकून, तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

आणि गाडी सर्व्हिसला टाकताना जॉब कार्डावरच्या 'कस्टमर व्हॉइस'च्या, म्हणजे ग्राहकाच्या तक्रारीच्या, रकान्यात आपलंच वाक्य लिहून घ्यायचं: "हायवेवर चालू गाडीची ताकद गेली, ब्रेक पेडल घट्ट झालं." ते "चेकअप" लिहायला लागले तर सही करायची नाही.

डेट्रॉइटकर

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, पद्धतीबद्दल थोडं, कारण तुलना उपयोगी पडेल. शेव्हरले बोल्ट ही छोटी इलेक्ट्रिक गाडी. तिच्या बॅटरीला आगी लागायला लागल्यावर नोव्हेंबर २०२० मध्ये सुमारे ६८ हजार गाड्यांचा रिकॉल झाला. सुरुवातीला उपाय म्हणून सॉफ्टवेअरनं चार्जिंग ९० टक्क्यांवर अडवलं. ते पुरलं नाही, आगी लागतच राहिल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये २०१७ पासूनच्या सगळ्याच बोल्ट, सुमारे १ लाख ४२ हजार, रिकॉलमध्ये घेतल्या. बॅटरीच्या काही सेलमध्ये ॲनोडची (ऋण टोकाची) पट्टी फाटलेली आणि सेपरेटर (दोन टोकांमधला पडदा) दुमडलेला, हे दोन दोष एकाच सेलमध्ये आले की आग. दुरुस्ती होईपर्यंत मालकांना सांगितलं होतं की गाडी उघड्यावर लावा, रात्रभर नजरेआड चार्जिंग करू नका, ७० मैलांच्या खाली रेंज जाऊ देऊ नका. पहिल्या सॉफ्टवेअरवर समाधान मानलं असतं तर बॅटऱ्या बदलून मिळाल्या नसत्या. मालकांनी आणि सरकारी यंत्रणेनं लावून धरलं.

इथे चासिस नंबर रस्ते सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर टाकला की बाकी असलेले रिकॉल कुणालाही दिसतात, आणि वॉरंटी संपली असली तरी पहिल्या विक्रीपासून १५ वर्षांपर्यंत दुरुस्ती फुकट. 'सर्व्हिस कॅम्पेन'ला हे संरक्षण नसतं, तिची मुदत कंपनी ठरवते. म्हणून ताईंचा प्रश्न अगदी योग्य आहे. नावात काय, असं म्हणून सोडून देऊ नका.

न्यायनिवाडा

जाईजुई ताई, मी ग्राहक आयोगापुढची प्रकरणं चालवते. तुमच्या कामाचं तेवढं सांगते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ११०-ए आलं. दोषामुळे चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका असेल तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलावायला लावू शकतं. याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत आणि सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहेत. त्याआधी २०१२ पासून सियाम या वाहन उत्पादकांच्या संघटनेची फक्त ऐच्छिक संहिता होती. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर रिकॉलच्या पानावर मालकाला स्वतः तक्रार नोंदवता येते. तिथे तक्रार केली म्हणून उद्या तुमची गाडी दुरुस्त होणार नाही. पण विक्रीच्या प्रमाणात ठरलेल्या संख्येइतक्या तक्रारी जमल्या की चौकशीला तोंड फुटतं. त्यामुळे पंचगंगाकाठी, तुम्हीसुद्धा नोंदवा, आजच नोंदवा. तक्रारीत "बॅटरी उतरते" असं लिहू नका. "हायवेवर ताकद गेली, स्टिअरिंग जड झालं, ब्रेक घट्ट झाला" असं लिहा. सुरक्षेचा मुद्दा तिथे आहे.

तुमच्या स्वतःच्या गाडीसाठी वेगळी वाट. वॉरंटी संपण्याच्या आत कंपनी आणि डीलर, दोघांनाही एकच पत्र ई-मेलनं आणि स्पीड पोस्टानं पाठवा. त्यात आधीच्या सगळ्या भेटींच्या तारखा, बदललेले पार्ट, आजचे व्होल्टेजचे आकडे, आणि हे वाक्य: "हा दोष वॉरंटीच्या काळात कळवलेला असून अद्याप दूर झालेला नाही." पुढे तीन वर्षं उलटली तरी मग हा दोष जुनाच धरून भांडता येतं. कन्व्हर्टर कुठल्या वॉरंटीत, हे वॉरंटी पुस्तिकेतच बघा. बहुतेक ठिकाणी ८ वर्षांची वॉरंटी बॅटरी पॅक आणि मोटर अशी नावं घेऊन दिलेली असते आणि कन्व्हर्टर, ऑन-बोर्ड चार्जर बाहेर राहतात. एक्स्टेंडेड वॉरंटी अजून मिळत असेल तर पत्र पाठवून मगच घ्या.

दाद नाही लागली तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे साताऱ्यात. कंपनी कुठलीही असो, तुम्हाला तिच्या गावी जावं लागत नाही. गाडीची किंमत १० ते २० लाखांच्या मध्ये असेल तर फी ४०० रुपये, ५ ते १० लाखांत असेल तर २००. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. वकील सक्तीचा नाही. समान दोष असलेल्या मालकांना आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रारही करता येते, ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ३५ बघा. पण एकत्र जायचं तर प्रत्येकाचे कागद स्वतंत्र आणि पक्के हवेत. आणि गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेले दोषाचे कोड पुसायच्या आत डायग्नोस्टिकचा, म्हणजे त्या तपासणीचा, प्रिंट मागून घ्या. एकदा सॉफ्टवेअर अपडेट मारलं की तो पुरावा बहुतेक वेळा जातो.

जाईजुई

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्राचा मसुदा आज रात्री करते, न्यायनिवाडा ताई, तुम्ही एकदा नजर टाकाल का? वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे. वॉरंटी पुस्तिका काढून बघितली, तुम्ही म्हणता तसंच आहे, ८ वर्षांच्या यादीत कन्व्हर्टर नाही.

सोमवारी गाडी फ्लॅटबेडवरून सेंटरला पाठवते, चालवत नेणार नाही. तापवून तपासा, कोडचा प्रिंट द्या आणि चासिस नंबरवरची कॅम्पेन स्क्रीनवर दाखवा, या तिन्ही गोष्टी आधी ई-मेल करून ठेवते. एक शंका राहिलीच. दुरुस्तीला जितके दिवस लागतील तेवढे दिवस पर्यायी गाडी मागण्याचा हक्क आपल्याला आहे का, की ते सेंटरच्या मर्जीवर? कुणाला मिळाली असेल तर काय म्हणून मागितली तेही सांगा. आणि सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर, पुणे इथल्या ज्यांच्या गाडीत हा लाल दिवा लागून गेला असेल त्यांनी इथे लिहा. एकदाच लागला असेल तरी लिहा.