ट्रेनिंग कॉलेजं म्हणजे म्हणे सुगृहिणींचे कारखाने!

टाचणवही
काल 'वाकडं बोट' यांनी त्यांच्या धाग्यात लिहिलंय की शंभर वर्षांपूर्वीची बायकांची मास्तरकीची ट्रेनिंग कॉलेजं म्हणजे "सुगृहिणी तयार करायचे कारखाने" होते, आणि "चुलीपुढून उठवून बाईला फळ्यापुढे उभं केलं, एवढाच काय तो फरक". खाली टाळ्यांचा पाऊस. तिथेच दोन ओळी लिहून गप्प बसणार होते, पण रात्रभर डोक्यातून जाईना. म्हणून हा वेगळा धागा.

माझ्या आजीची थोरली बहीण, ताईआजी, तेराव्या वर्षी विधवा झाली. साल १९१२. सासरी एकवेळ जेवण, अंगावर आलवण आणि घरातलं सगळं काम. भावाने पुण्याला आणलं. आधी फायनल, म्हणजे मराठी शाळेची शेवटची परीक्षा, पास झाली, मग ट्रेनिंग. तिन्ही वर्षं करून १९२१ मध्ये लोकल बोर्डाच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागली. शिवण, स्वयंपाक, आरोग्य हे सगळं ट्रेनिंगला होतंच. नोकरीला लागल्यावरही ती पहाटे उठून तोच भात आणि तीच आमटी करत होती. बदललं काय? दर महिन्याला भावाला ५ रुपयांची मनिऑर्डर जायला लागली. पावत्या बिस्किटाच्या डब्यात होत्या, मी स्वतः पाहिल्यात. ज्या घरात तिला "खायला काळ आणि भुईला भार" म्हणत, त्या घरात पुढे शेताचा तुकडा विकताना "ताईला विचारलं का?" असं विचारायला लागले.

अभ्यासक्रमात काय शिकवलं ते बघू नका, पगार कोणाच्या नावावर निघत होता ते बघा.

आणि शिवणाला हिणवण्याआधी हेही ऐका. रमाबाई रानडे आणि देवधरांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढलं, तिथे संसारी बायकांचे वर्ग होते. सून वाचायला जाते म्हटलं की सासू दारात आडवी. शिवणाला जाते म्हटलं की "जा, पण दिवेलागणीच्या आत ये". एकदा उंबरा ओलांडला की मग शिवणाच्या पिशवीतून पाटीही जाते. हे ताईआजी हसत हसत सांगायची. त्याच सेवासदनाने पुढे बायकांना ससूनमध्ये नर्सिंगला पाठवलं आणि अध्यापिकांचं ट्रेनिंगही चालवलं. कारखानाच म्हणायचा असेल तर खुशाल म्हणा, पण बाहेर काय पडत होतं ते तरी नीट बघा.

वाकडं बोट
माझ्यासाठी स्वतंत्र धागा! धन्य झालो.

ताईआजींना नमस्कार, पण एका आजीवरून इतिहास ठरत नाही. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, पुढच्याच वर्षी शिक्षिका तयार करणारी अध्यापिका शाळा. कल्पना कुठून आली? जपानच्या महिला विद्यापीठाचं माहितीपत्रक वाचून. बाईचं कार्यक्षेत्र वेगळं, म्हणून तिचा अभ्यासक्रम वेगळा, हे मी म्हणत नाही, ते स्वतः म्हणत होते. त्यात गृहशास्त्र, आरोग्य मुद्दाम घातलेलं. मुलग्यांना गणित, मुलींना वरण. आणि या विद्यापीठाला कायद्याने दर्जा मिळाला १९५१ मध्ये. पस्तीस वर्षं! उद्योगपती विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये १५ लाख दिले म्हणून टिकलं. सरकारच्या लेखी त्या पदवीची किंमत काय होती?

मनिऑर्डरीबद्दल बोलायचं तर, ती गेली कोणाला? भावाला. शेवटी पैसा पुरुषाच्याच खिशात ना?

निंबोणी
पस्तीस वर्षं मान्यता नाही हे सांगता, तर ती का नव्हती तेही सांगा की. मराठीतून शिकवत होते! इंग्रजी शिकवायचे, पण बाकीचे विषय मातृभाषेतून. जी फायनल झालेली मुलगी मॅट्रिकच्या इंग्रजीत बुडाली असती, ती इथे पुढे शिकली.

बाकी टाचणवहीताई, तुमचं सगळं पटलं, पण "मास्तरीण" म्हणू नका हो. शिक्षिका म्हणा. मास्तरीण म्हटलं की हातात छडी घेतलेली, नाकावर चष्मा घसरलेली बाई डोळ्यापुढे येते. माझ्या आईला आयुष्यभर त्या शब्दाने टोमणे मारले.

नगरवाला
टोमणे सोडा, व्याकरणानेच चूक आहे. मास्तरीण म्हणजे मास्तराची बायको. पाटलाची पाटलीण, वकिलाची वकिलीण. स्वतः शिकवणारीला तो शब्द लागूच नाही.

टाचणवही
मग माळीण काय फक्त माळ्याची बायको? ती हार करत नाही? कोळीण मासळी विकत नाही? गंमत करता का राव.

नगरवाला
माळीण-कोळीण हे जातीचे धंदे, घरातले सगळेच करायचे. मास्तरकी जातीचा धंदा होता का?

उलट इतिहास माझ्याच बाजूने आहे. मेरी कार्पेंटर या इंग्रज समाजसुधारक बाईंच्या आग्रहाने १८७० मध्ये पुण्यात फीमेल ट्रेनिंग कॉलेज निघालं, तेव्हा शिकायला बायका आणायच्या कुठून हाच प्रश्न होता. भल्या घरची सवाष्ण येईना. तोड काय, तर मास्तरांच्या बायका. नवरा-बायको दोघांना तयार करा, दोघांना एकाच गावी नेमा, बाईची राखण आपोआप होते. म्हणजे पहिल्या मास्तरणी खरोखरच मास्तरांच्या बायका होत्या!

वाकडं बोट
वा. म्हणजे नोकरीसुद्धा नवऱ्याच्या सोबतीने. नगरवाले, नकळत माझी बाजू मांडल्याबद्दल आभार.

नगरवाला
मी कोणाचीच बाजू मांडत नाहीये. मी व्याकरण सांगतोय.

टाचणवही
पण म्हणूनच तर तो शब्द मला हवाय! सुरुवातीला मास्तराची बायको म्हणून मास्तरीण. मग विधवा आल्या, ज्यांना नवराच नव्हता, तरी मास्तरीणच. मग विसाव्या शतकात लग्नाआधीच्या मुलीही यायला लागल्या. शब्द तोच राहिला, त्यातला मास्तर गळून पडला. एवढं मोठं स्थित्यंतर एका प्रत्ययात बसलंय आणि तुम्ही तो शब्द काढून तिथे "शिक्षिका" बसवणार?

शिवाय त्या सुरुवातीच्या बायकांनी काय केलं तेही बघा. फीमेल ट्रेनिंगच्याच सगुणाबाई देव रमाबाई रानड्यांना घरी येऊन शिकवायच्या. त्याच रमाबाई पुढे सेवासदनाच्या अध्यक्ष. १९२० च्या सुमाराला पुण्यात सक्तीच्या शिक्षणाचा वाद पेटला, टिळकांकडची मंडळी म्हणत होती पैसे कमी आहेत, आधी मुलग्यांना सक्ती करा. तेव्हा मुलींच्या बाजूने बायकांचा मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरल्या त्याही रमाबाईच. तुमच्या कारखान्यातला माल हा असा.

पायवाट
प्रत्ययावर पंधरा प्रतिसाद पडतील, मला माहीत आहे. मूळ प्रश्न कोणीच विचारत नाहीये. कोणाच्या बायका? कोणाच्या विधवा?

कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात सुरुवातीला प्रवेश ब्राह्मण विधवांनाच होता. ताईआजींचे हाल खरे आहेत, मी नाकारत नाही. पण त्यांना पुण्याला आणणारा भाऊ होता, उतरायला ओळखीचं घर होतं. सावित्रीबाई-फातिमाबाईंनी १८४८ पासून मुलींच्या शाळांचं जे काम सुरू केलं त्याचं पन्नास-साठ वर्षांत काय झालं, ते या सुरस कथांत कधीच येत नाही. रानडे, कर्वे, देवधर झाले की इतिहास संपला.

माझी आई घराण्यातली पहिली शिकलेली बाई. तिने १९६४ मध्ये ट्रेनिंग केलं. वसतिगृहात तिच्या ताटाला मागून खिळ्याने खूण केलेली होती, "बदलून जाऊ नये म्हणून". पुढच्या खोलीतल्या मुलींच्या ताटांना खूण नव्हती. तीही पास झाली, तीही पगार घरी आणत होती. पण ती या आठवणी हसत हसत सांगायची नाही.

कोल्हापुरी पांढरा
पायवाट, अगदी. पण पुण्याबाहेरही महाराष्ट्र आहे एवढं जोडतो. आमच्या कोल्हापुरात मुलींच्या शाळांची आणि ट्रेनिंगची सूत्रं मिस लिटल यांच्यानंतर रखमाबाई केळवकरांकडे दिली, शाहू महाराजांच्या काळात. त्यांची लेक कृष्णाबाई डॉक्टर झाली. आणि महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पुण्यात मुली की मुलगे यावर काथ्याकूट चालला होता त्याच्या आधी. पण लेख लिहायची वेळ आली की सगळ्यांची गाडी स्वारगेटच्या पुढे जात नाही.

टाचणवही
पायवाट, ताटाचं वाचून गप्प बसले. जातीचा मुद्दा मी टाळला, खरं आहे. ताईआजीच्या खोलीत कोण कोण होतं हे मी तिला कधी विचारलंच नाही, आणि आता सांगायला कोणी नाही.

वाकडं बोट, तुमचं मात्र अजूनही पटलेलं नाही.

डीएड बेकार
माफ करा, मधेच घुसतो. मी डी.एड. केलं, टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा पास झालो, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव आहे, वय निघून चाललंय. लागलो तरी आधी तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे नुसत्या मानधनावर. तुमची ताईआजी १९२१ मध्ये मनिऑर्डर करत होती, मी आज पेट्रोलला आईकडे पैसे मागतो. ज्या कॉलेजातून डी.एड. केलं ते बंद पडून तिथे आता मंगल कार्यालय आहे. जे लागलेत ते मतदार याद्या आणि जनगणनेत. यावर धागा काढा कोणीतरी.

निंबोणी
भाऊ, काढा की तुम्हीच, येऊ आम्ही. इथे नको.

तर मास्तरीण. मला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. खेड्यात पुरुष शिक्षकाला काय म्हणतात? गुरुजी. आणि बाईला? नुसतं "बाई". जोशीबाई, कांबळेबाई. त्याला गुरूचा मान, हिची ओळख काय, तर ती बाई आहे! तेच शिक्षण, तेच पाठ, तेच टाचण काढून झोप मोडलेली.

नगरवाला
"बाई" हा आदरार्थीच शब्द आहे. अहिल्याबाई, लक्ष्मीबाई.

निंबोणी
ते नावाला जोडलेलं. नुसतं "ओ बाई" म्हणून भाजीवालाही हाक मारतो.

डीएड बेकार
आता सगळीकडे मॅडम झालंय. वाद मिटला.

नगरवाला
मॅडम! म्हणजे मराठी शब्द टाकून फ्रेंच घ्यायचा. छान.

वाकडं बोट
मास्तर हा तरी कुठला अस्सल मराठी, मास्टरच ना तो? चालू द्या. बारा प्रतिसाद झाले प्रत्ययावर, पायवाट यांचं भाकीत खरं ठरतंय.

टाचणवहीताई, एवढं कबूल करतो: "एवढाच काय तो फरक" हे मी जरा चढवून लिहिलं. शिवणाच्या पिशवीतली पाटी आवडली. पण माझा प्रश्न शिल्लकच आहे. त्या ५ रुपयांपैकी ताईआजींनी स्वतःवर किती खर्च केले?

टाचणवही
त्या ५ रुपयांतून कशाला करेल? ते भावाचे. उरलेला पगार तिच्याकडे होता. त्यातून तिने पहिल्या वर्षी चपला आणि छत्री घेतली. विधवा बाई छत्री घेऊन, पायात घालून गावातून जाते म्हणून देवळापाशी बसलेली टोळकी खाकरायची. पाटलाने तर डेप्युटीसाहेब शाळा तपासायला आले तेव्हा तक्रारच केली. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, "हजेरी समाधानकारक". छत्रीबद्दल काही लिहिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात पाटलाची सून छत्री मागायला आली.

वाकडं बोट
दिली?

टाचणवही
नाही. म्हणाली, फायनल हो आणि स्वतःची घे.

पायवाट
हे मात्र आईला वाचून दाखवलं. हसली. म्हणाली, "मीसुद्धा दिली नसती."

नगरवाला
पाटलाची सून म्हणजे पाटलीणच ना? नाही, नुसतं विचारलं.