मदत हवी आहे: कंबरमोडीच्या पाण्याच्या अर्काला झोनच येईना

अर्धवट_एमएस्सी: शुक्रवारी सबमिशन आहे, लवकर सांगा. कंबरमोडीच्या पानांचे दोन अर्क काढले. मिथेनॉलच्या अर्काला झोन (प्लेटवर जंतू न वाढलेलं वर्तुळ) मस्त आला, पाण्याच्याला काहीच नाही. दोनदा करून बघितलं. आमच्याकडं विळा लागला की हाच पाला चोळून रस लावतात. मग पाण्यात उतरायला पाहिजे ना? गाईड म्हणतात तुझंच काहीतरी चुकायलंय.

जुना_लॅबवाला: जंतू कोणता? पाला ओला की वाळलेला? पाणी थंड की उकळतं?

अर्धवट_एमएस्सी: स्टॅफ आणि ई. कोलाय. पाला सावलीत वाळवून पूड केली, थंड पाण्यात दोन दिवस टेबलावर ठेवली.

शेवग्याची_शेंग: मे महिन्यात, लातुरात, दोन दिवस टेबलावर? तो अर्क नाही बाबा, आंबवण झालं. आणि रसानं रक्त थांबणं वेगळं, जंतू मरणं वेगळं. पाण्यात साखर, क्षार, डिंक, टॅनिन उतरतं. स्टेरॉल, टर्पीन, मेणचट माल पानातच राहतो. मिथेनॉल दोन्हीकडचं थोडं थोडं ओढतं.

सॉक्सलेट_भक्त: सॉक्सलेट (गरम द्रावक पुन्हा पुन्हा पाल्यातून फिरवणारं काचेचं उपकरण) लावा, विषय संपला. आधी हेक्झेननं मेण काढा, मग इथाइल अ‍ॅसिटेट, शेवटी मिथेनॉल.

जुना_लॅबवाला: तुमचं आपलं कशालाही सॉक्सलेट. उष्णतेनं बिघडणारी द्रव्यं असतात. आर्टेमिसिनिनच्या (मलेरियाचं औषध) वेळी चीनच्या शास्त्रज्ञ तू यूयू यांनी उकळलेला काढा सोडून ईथर घेतलं, ते ३५ अंशाला उकळतं. तेव्हा कुठं गुण आला. २०१५ चं नोबेल त्यावरच.

सॉक्सलेट_भक्त: हेक्झेनही ६९ अंशालाच उकळतं, शंभरला नाही!

पोरगी_परभणीची: सॉक्सलेटच्या कंडेन्सरला (वाफ थंड करायची नळी) सहा तास नळ चालू ठेवायचा, आणि इथं नळाला आठ दिवसांनी पाणी. आम्ही बर्फाच्या बादलीत कूलरची मोटर सोडली होती. चाललं.

बालाघाटकर: सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी कोणत्या तेलात मुरवावी?

शेवग्याची_शेंग: कोणत्याच नाही. डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. मेडिकलमधून औषध आणा. आणि धागा वेगळा काढा.

जुना_लॅबवाला: अर्धवट, मिथेनॉल उडवलं होतंस का? आणि तुलनेला कंट्रोल काय ठेवला?

अर्धवट_एमएस्सी: गाळून डायरेक्ट टाकला. कंट्रोलला डिस्टिल्ड वॉटर होतं की.

जुना_लॅबवाला: दोन्ही अर्कांना? अरे, मिथेनॉल स्वतःच जंतू मारतं. नुसतं मिथेनॉल टाकून एक प्लेट लाव आणि उद्या सांग.

अर्धवट_एमएस्सी: लावली. नुसत्या मिथेनॉलला ११ मिमी. माझ्या अर्काला १३ होता. अर्क टाकायचं भोकच ६ मिमीचं. गाईडना अजून सांगितलं नाही.

पोरगी_परभणीची: आई गं.

जुना_लॅबवाला: सांग आधी. मग दोन्ही अर्क कोरडे कर, वजन कर, डीएमएसओमध्ये (एक द्रावक) सारख्याच मिग्रॅ/मिलीनं विरघळव. पाण्याचा नीट विरघळला नाही तर त्याला पाणीच घे. जे घेशील त्याचा कंट्रोल ठेव. मिथेनॉल उडवायला वॉटर बाथ, उघडी शेगडी नको. तरी तेलकट द्रव्यं आगारात (प्लेटमधल्या जेलीत) नीट पसरत नाहीत, म्हणून झोन छोटा म्हणजे गुण कमी असं धरू नको. जमलं तर एमआयसी (जंतूंची वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण) काढ.

अर्धवट_एमएस्सी: शुक्रवारपर्यंत होईल का? आमची रोटरी (द्रावक उडवायचं यंत्र) बंद पडलीय. लातुरात कुणाकडं आहे?

शेवग्याची_शेंग: ई. कोलायला काय आलं ते अजून सांगितलंच नाहीस.